शैलाला सांगितलेले ढग

दादरला बस थांबली तेव्हा नुकतं उजाडत होतं. अंबाजोगाईहून रात्रभर एसी बसमध्ये शाल गुंडाळून बसलेलो आम्ही दोघं नवरा-बायको खाली उतरलो आणि दमट हवा ओल्या पंच्यासारखी तोंडाला चिकटली. माझ्या चष्म्याच्या काचा एकदम पांढऱ्या झाल्या. पूल, फुलवाले, टॅक्स्या, सगळं गायब. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला मी; गारठलेल्या काचेला दमट हवा लागली की त्या हवेतल्या वाफेचं पाणी होतं, हे मला नवं नव्हतं. मी रुमाल काढून चष्मा पुसला.

शैलाच्या चष्म्यावरही तशीच वाफ धरली होती. ती मात्र पिशवी घट्ट धरून शांत उभी.

"अगं, चष्मा पूस की."

"हो, पुसते," ती म्हणाली आणि पदराचं टोक चाचपडू लागली.

आलो होतो तिच्या डोळ्यांसाठीच. गावाकडच्या डॉक्टरांनी मुंबईला दाखवायला सांगितलं होतं. मी मनात मोतीबिंदू धरून चाललो होतो. शस्त्रक्रिया, चार दिवस पट्टी, की परत.

टॅक्सी लालबागच्या उड्डाणपुलावरून निघाली. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींचे वरचे मजले मळभात बुडाले होते. आश्विन लागला तरी पाऊस पुरता गेला नव्हता. मी दाखवत होतो, शैला "हं, हं" करत होती.

गिरगावात माझा मामेभाऊ शिरीष राहतो. निवृत्त कारकून, एकटाच. त्यानं पोहे केले, पापड तळले. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे दिसले, तसं मी विचारलं.

"मिठाला पाणी सुटतं रे इकडे," शिरीष म्हणाला. "आणि तो पापड आधी खा. गप्पा मारत बसलास तर चामडं होईल."

आमच्याकडे दोरीवरचं धोतर दुपारपर्यंत कडकडीत वाळतं. शिरीषच्या गॅलरीत कालचा टॉवेल अजून गार लागत होता. भिंतीला हात लावला तर भिंतही ओलसर. समुद्र दिसत नव्हता, पण घरात मिठापासून गादीपर्यंत सगळीकडे तोच होता.

दुसऱ्या दिवशी परळच्या रुग्णालयात गेलो. तपासण्यांत सकाळ गेली. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं.

"काका, हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढून नस वाळत जाते. काकूंचा उजवा डोळा गेलाय. डाव्यानं थोडं, समोरचं तेवढं दिसतंय."

"ऑपरेशन केलं तर?"

"गेलेलं परत येत नाही, काका. आहे ते जितकं टिकेल तितकं टिकवायचं. ड्रॉप्स एक दिवसही चुकवू नका."

मी आणखी काही विचारणार होतो, पण शैलाच उठली. "चला, त्यांना दुसरे पेशंट आहेत," म्हणाली.

लालबागला एका छोट्या खानावळीत शिरलो. दोघांपैकी कुणालाच भूक नव्हती. वाढप्यानं आपण होऊन सोलकढी (कोकम आणि नारळाच्या दुधाचं पेय) आणून ठेवली. शैलानं पेला धरला आणि हात मागे घेतला.

"अहो, हा गळतोय."

"गळत नाय मावशी, थंड हाय," वाढपी म्हणाला आणि टेबल पुसून गेला.

मी तिला सांगितलं, ते पाणी पेल्यातलं नाही, बाहेरच्या हवेतलं आहे. गार पेल्याला लागून त्याचे थेंब झाले. तिनं बोटानं वरपासून खालपर्यंत पेला चाचपला. मग एका घोटात सोलकढी संपवली आणि म्हणाली, "आज चौपाटीवर नेता का?"

गिरगाव चौपाटीवर ऊन कलत होतं. आम्ही पाण्यापासून जरा दूर, वाळूवर बसलो. शैलानं चेहरा वर केला.

"आभाळ कसंय?"

"क्युम्युलस आहेत," मी सवयीनं बोललो.

"नाव नका सांगू. दिसतात कसे, ते सांगा."

मी नीट पाहिलं. "खालून सपाट. ओळीनं पाट मांडावेत तसे. वरून फुगलेत, दूध उतू जाताना वर येतं तसे. कडेला पिवळं ऊन, पोटात काळपट."

"खालून सपाट का?"

"तापलेली हवा वर चढते, चढता चढता गार होते. एका ठरावीक उंचीवर तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात, धुळीच्या, मिठाच्या कणांवर. ती उंची म्हणजे ढगाची जमीन."

"आणि तिच्या खाली?"

"खालीही वाफ असतेच. फक्त दिसत नाही."

ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "उजव्यानं मला गेल्या दिवाळीपासूनच दिसत नव्हतं."

"बोलली का नाहीस?"

"आपल्या मनूचं लग्न ठरलं होतं. मग तुमचं हर्नियाचं निघालं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलं."

मला राग आला. तो तिच्यावर काढवेना आणि गिळवेना. मी उठून पाण्याच्या कडेपर्यंत गेलो. लाट पायावरून गेली, चपला भिजल्या. मागून तिची हाक आली, "आहात ना हो?"

मी वळलो. ती मी होतो त्या दिशेला नाही, जरा बाजूलाच बघत होती.

"आहे, आहे," म्हणत मी धावलोच.

त्या संध्याकाळी ढग तांबूस झाले, राखाडी झाले, विरले. प्रत्येक बदल मी तिला सांगितला. ती विचारत राहिली. अंधार पडल्यावर आम्ही शिरीषकडे परतलो.

अंबाजोगाईला परत आलो त्याला आता काही महिने झाले. औषधाचे थेंब चुकत नाहीत. तरी डाव्या डोळ्याचा घेर आवळत चाललाय, हे ती ताट कसं चाचपते त्यावरून कळतं. प्रवासानं माणूस चार नव्या गोष्टी बघून येतो म्हणतात. आम्ही बघायचं किती उरलंय, ते समजून आलो.

मार्गशीर्षात एका सकाळी फिरायला निघालो तर दाट धुकं. निरभ्र रात्री जमीन गारठली की तिच्यालगतच्या वाफेचे थेंब होतात; ढगच तो, जमिनीवर बसलेला. चार पावलांपलीकडे मला काही दिसेना. तसं मी शैलाला सांगितलं.

"म्हणजे आज तुम्हालाही माझ्याइतकंच दिसतंय," ती म्हणाली आणि हसली. मग माझा दंड धरून तीच पुढे झाली. पायाखालचा खडा, उतार, वळण, सगळं तिला पाठ होतं. कित्येक दिवसांत बोलली नव्हती इतकं ती बोलत होती.

हळूहळू ऊन अंगाला लागायला लागलं. तिनं विचारलं, "उठलं का हो धुकं?"

समोरचा रस्ता पार ओढ्यापर्यंत स्वच्छ दिसत होता.

"अजून नाही," मी म्हणालो.