सोफ्यावरचं प्लास्टिक

मुलुंडला नोकरी लागली तेव्हा मी फर्निश्ड फ्लॅट भाड्याने घेतला. धसईच्या आमच्या घरात सगळे जमिनीवरच बसायचे, त्यामुळे मला सोफ्याचं फार अप्रूप होतं. चावी देताना मालकीणबाईंनी प्रत्येक वस्तू मिरवून दाखवली आणि मग नियम सांगितले. सोफ्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही. काचेच्या कपाटातले कप वापरायचे नाहीत. ओल्या केसांनी गादीवर आडवं व्हायचं नाही. मी प्रत्येक नियमाला मुकाट्याने हो म्हणाले, त्याची मला आजही लाज वाटते.

दिवाळीनंतर बाबा नवे तांदूळ घेऊन आले. दमून सोफ्यावर टेकले, तेवढ्यात बाई सामान तपासायला हजर झाल्या. त्यांनी बाबांच्या धुळकट पायांकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "गावाकडची माणसं आली की खाली चटई टाकत जा. सोफा नाजूक आहे."

बाबा उठून उभे राहिले. "बाय, बसायचं नाय, तर ठेवलाय कशाला?"

"शोभेला," बाई पुटपुटल्या.

त्याच महिन्यात मी चावी परत केली आणि वाशिंदला एक रिकामी खोली घेतली. परवा त्या फ्लॅटची जाहिरात मोबाईलवर दिसली, 'सर्व सोयींनी सुसज्ज, फक्त सुसंस्कृत कुटुंबासाठी'. मी ती बाबांना फोनवर वाचून दाखवली, तर हसून हसून त्यांना ठसका लागला.