एरंडोलवालीचा मोबाईल

मशीनला हात लावायच्या आधी ती त्याचा फोटो काढायची. एसी बंद पडलेला, घरातली माणसं घामाने डबडबलेली, कुणी वर्तमानपत्राने वारा घेतंय, आणि ही शिडीवर चढून शांतपणे आधी मशीनवरच्या मॉडेल नंबरच्या पट्टीचा फोटो घेणार, मग झाकण उघडून आतल्या वायरींचा. बघणाऱ्याला वाटावं, ही दुरुस्तीला आलीय की लग्नाचा अल्बम करायला. कुणी तसं बोलून दाखवलंच तर ती म्हणायची, "खोलायच्या आधी फोटो काढला, की जोडताना भांडण होत नाही."

मी तिला एरंडोलवाली म्हणायचे. तिला नाव होतं, चांगलं दोन अक्षरी गोड नाव होतं. पण ते आमच्या ह्यांच्या तोंडी इतक्या वेळा यायचं, की माझ्या तोंडाने ते घ्यायचं नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं.

जळगावात आमचं एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान. हे आणि मेकॅनिक बाहेर कामावर, आणि दुकानात फोनपाशी मी. कुणाचं घर कुठे, कुणाकडे कुत्रं आहे, कुणाच्या एसीच्या बाहेरच्या पेटीपर्यंत, म्हणजे आउटडोरपर्यंत, पोचायला शेजाऱ्याच्या गच्चीवरून जावं लागतं, कुणाच्या सासूबाई मेकॅनिकला आधी पाय धुवायला लावतात, सगळं माझ्या डोक्यात असायचं. फोनवर नुसतं "हॅलो वहिनी" ऐकलं तरी मला कळायचं, की रिंग रोडचे मास्तर बोलताहेत आणि त्यांच्या बेडरूममध्ये पुन्हा पाणी गळतंय. दुकानात ते माझं राज्य होतं. लहानसं, पण माझं.

त्या वर्षी होळीच्या आधीच ऊन तापलं आणि नेमका आमचा जुना मेकॅनिक सुरतेला निघून गेला. अशात ही आली. एरंडोलला तिचे वडील कूलर दुरुस्त करायचे. त्यांच्या हाताखाली वाढलेली, पुढे आयटीआय केलेली. पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला पांढरा रुमाल, पाठीवर हत्यारांची बॅग. ह्यांनी विचारलं, "शिडी चढता येते का?" तर म्हणाली, "येते की भाऊ. धरायला कुणी नसलं तरी येते." हे हसले. मी हसले नाही. मनात म्हटलं, सीझनपुरती आहे, जाईल.

तिच्या मोबाईलला रबराचं जाड कव्हर होतं आणि काचेला एक तडा. त्या मोबाईलमध्ये काय काय होतं, ते हळूहळू कळायला लागलं. आजकाल एसी बिघडला की त्याचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, नाहीतर पडद्यावर एखादं अक्षर आणि आकडा येतो. प्रत्येक कंपनीची ही भाषा वेगळी. ह्यांच्या टेबलाच्या खणात त्याची माहितीपत्रकं होती, तेलाच्या बोटांनी काळी झालेली, आणि हवं ते पान नेमकं फाटलेलं. मग हे नाशिकच्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावायचे आणि तो जेवायला बसलेला असायचा. एरंडोलवालीकडे त्याचं ॲप होतं. कंपनी निवडायची, आकडा टाकायचा, की कुठला भाग तपासायचा ते समोर यायचं.

दुसरं एक ॲप गॅसचं होतं. गेजवर दाब दिसतो. तो दाब म्हणजे आतल्या गॅसचं तापमान किती, हे काढायला ह्यांच्याकडे एक छापील तक्ता होता, पाकिटात घडी घालून घालून विरलेला. ती मोबाईलवर गॅसचं नाव निवडायची, दाब लिहायची, उत्तर तयार. इनडोर भिंतीवर बसवताना मोबाईल त्याच्यावर आडवा ठेवून तो तिरपा तर नाही ना, तेही बघायची. खोली केवढी, खिडकी पश्चिमेला आहे का, वर उघडी गच्ची आहे का, हे भरून किती टनाचा एसी लागेल ते गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे सांगायची.

"ॲप सांगतं कुठे बघायचं ते," ती म्हणायची. "बघायचं मात्र आपणच."

हे सगळं मी तिच्याकडून फारसं ऐकलं नाही. ऐकलं ते ह्यांच्याकडून, रात्रीच्या जेवणाला. भाकरी तव्यावर असताना सुरू व्हायचं, "आज तिने काय केलं माहितीये?" मी शेवभाजी वाढली, कळण्याची भाकरी केली, त्या दिवशी भरीत तर इतकं सुरेख जमलं होतं, हे खात होते एरंडोलवालीचं कौतुक.

मग माझी जाऊ एकदा सहज म्हणाली, "भाऊजींच्या गाडीवर मागे बसून जाते ती कोण हो?" कोण म्हणजे, कामाला जाणारी मेकॅनिक. मी तसं सांगितलंही. पण त्या दुपारी हे झोपल्यावर ह्यांचा मोबाईल उघडला. तिचे मेसेज ढीगभर होते. कॉम्प्रेसरचे फोटो. जळलेल्या वायरीचे फोटो. एका पंख्यात अडकलेल्या पाकोळीच्या घरट्याचा फोटो, त्याखाली "भाऊ, पिल्लं उडाल्यावर येऊ असं सांगितलं." त्यावर ह्यांचा अंगठा. बाकी नुसते आकडे. बायकोला चिडता येईल असा एक शब्द त्यात नव्हता. इतकं वाचून चिडायलासुद्धा काही सापडलं नाही, याचा मला आणखीच राग आला.

खरा घाव पुढे बसला. तिने दुकानासाठी एक ॲप आणलं. कम्प्लेंट त्यात लिहायची. कोणी जायचं ते त्यात ठरायचं. पत्ता नकाशावर दिसायचा. काम झालं की गिऱ्हाइकाने काचेवर बोटाने सही करायची. आता मेकॅनिक "वहिनी, पिवळ्या गेटचं घर कोणतं?" असं विचारायला फोन करेनात. हे म्हणाले, "बरं झालं ना, तुझी दगदग वाचली." मी फोनपाशी बसून राहिले. फोन वाजायचा, मी उचलायचे, मोबाईलमध्ये टाकायचे आणि पुढचं सगळं माझ्यावाचून व्हायचं.

मे महिन्यात ह्यांना ऊन लागलं. दोन्ही डोळे लाल, अंगात ताप, डॉक्टरांनी घराबाहेर पडायला बंदी केली. त्याच सकाळी सावद्याहून केळीच्या शेठजींचा फोन. त्यांची केळी पिकवायची थंड खोली होती आणि तिचं मशीन चालू होऊन लगेच बंद पडत होतं. केळी एकदा पिकायला लागली की तीच आतून गरम होतात. गारवा थांबला तर सगळा माल एकदम मऊ पडून जातो. आमचा दुसरा मेकॅनिक चोपड्याच्या बाजूला गेलेला. एरंडोलवाली दुकानाच्या व्हॅनची किल्ली घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"वहिनी, तुम्ही चला. गेज आत लागेल, आणि आउटडोर भिंतीपलीकडच्या बंद खोलीत आहे असं शेठजी म्हणाले. वाचायला माणूस लागेल."

"मी? मला त्यातलं काय कळतं?"

"वाचता येतं ना?"

भुसावळ सोडून फैजपूरच्या रस्त्याला लागलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि गरम वाऱ्याने त्यांची पानं फाटून चिंध्या झालेली. ती व्हॅन चालवत होती. मला चालवता येत नव्हती, हेही मला तेव्हाच खुपलं.

शेठजींनी आधी व्हॅनमध्ये डोकावून पाहिलं. "भाऊ कुठेयत?"

"आजारी आहेत," मी म्हटलं.

"मग तुम्ही दोघीच? ताई, माझी अख्खी खोली भरलीय हो!"

ती ऐकायला थांबलीच नाही. फोटो काढून मोकळी झाली, गेज लावलं, मोबाईल माझ्या हातात दिला. "गेजवरचा आकडा इथे टाका, आणि खाली येईल तो मोठ्याने सांगा. मी आयकस." घाई झाली की ती अहिराणीवर यायची. मी आकडा टाकला, खाली आला तो ओरडून सांगितला. ती पलीकडून म्हणाली, "परत सांगा." मी परत सांगितला. बाहेरच्या उन्हापेक्षाही तो कितीतरी जास्त होता.

ती आत आली, मोबाईल बघितला, कपाळ पुसलं. गॅस कमी नव्हता. उलट मशीनची गरमी बाहेर जातच नव्हती, म्हणून दाब वाढून ते बंद पडत होतं. कारणं ॲपने एकाखाली एक दिली होती. जाळी मळलीय का? ती नुकतीच धुतलेली. पंखा फिरतोय का? फिरत होता. तिने पुन्हा सगळं तपासलं. शेठजी सारखे खोलीच्या दारापर्यंत जात आणि परत येत. त्यांना घाम फुटला होता, तो नुसत्या उन्हाचा नव्हता. तिच्याही चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला काळजी दिसली, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं.

पण शेठजींचा तो कासावीस आवाज मी याआधी ऐकला होता. फोनवर, मागच्या उन्हाळ्यात. हेच मशीन, हेच बंद पडणं. आणि संध्याकाळी घरी येऊन हे चहा पिताना सांगत होते, की आउटडोरच्या खोलीतली गरम हवा भिंतीच्या झरोक्यातून मागच्या बोळात जाते आणि...

"शेठजी, मागच्या बोळात कॅरेटं रचलीत का?" मी विचारलं.

"बोळात? माल आला तेव्हा रिकामी कॅरेटं... मुलांनी कुठेतरी..."

एरंडोलवाली धावतच गेली. भिंतीला लागून झरोक्याच्या वरपर्यंत प्लास्टिकची कॅरेटं रचलेली होती. आतून ती दिसणं शक्यच नव्हतं. हमालांनी ती हलवली, मशीन चालू झालं, आणि मी मोबाईलवर आकडे सांगत राहिले. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा कमी. शेवटी मशीन बंद न पडता घरघरत राहिलं, तेव्हा ती माझ्याकडे बघून ओरडली, "वहिनी, हाई मन्हा मोबाईलमा नई शे!"

शेठजींनी आम्हाला उसाचा रस पाजला. मला वाटलं, तिच्या मोबाईलमध्ये नाही ते माझ्याकडे निघालं, आता परत जाताना मी जिंकल्यासारखी बसेन. पण फैजपूरच्या पुढे आलो तोच ती म्हणाली, "तुमच्या डोक्यातलं सगळं मला हवंय, वहिनी. प्रत्येक गिऱ्हाइकाचं. ॲपात टाकू."

माझा संसार झाला, माझं राज्य झालं, आता माझं डोकंही हिला हवं होतं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसले.

तो उन्हाळा आणि त्यानंतरचा एक, आमच्या दुपारी अशाच गेल्या. मी सांगायचे, ती लिहायची. मग तीच म्हणाली तुम्ही लिहा, तर मी लिहायला लागले. मध्येच ती डबा उघडायची, तिच्या आईच्या हातचं मिरचीचं लोणचं माझ्या ताटात टाकायची. दिवा किती वेळा लुकलुकला म्हणजे काय, हे तिने मला शिकवलं. आता मी फोनवरच गिऱ्हाइकाला सांगते, "जरा दिवा मोजा बरं," आणि पुष्कळदा मेकॅनिक पाठवावाच लागत नाही. "वहिनी, तुम्ही न जाता दुरुस्त करता," ती म्हणायची. ह्यांच्या तोंडून तिचं कौतुक मी नंतरही ऐकलं, आणि नंतरही ते मला आवडलं नाही. पण आता वाटायचं, ह्यांना काय माहितीये तिच्याबद्दल?

मग तिने धुळ्याला स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं. हे खूश झाले, तिला जुनी शिडी दिली, गेजचा एक जोड दिला. मी म्हटलं, "जा बाई, मोठी हो." निघताना ती पाया पडायला वाकली, तर मी तिला मध्येच धरलं. त्या संध्याकाळी पत्ता विचारायला कुणाचा तरी फोन आला आणि मी त्याच्यावर विनाकारण खेकसले.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही एका लग्नाला धुळ्याला गेलो होतो. हे म्हणाले, जाता जाता तिचं दुकान बघू. दुकान छान होतं. बाहेर दोन स्कूटी, त्यांना बांधलेल्या शिड्या. ती मला बघताच उठून आली, हात धरून आत घेऊन गेली. टेबलाशी माझ्याच वयाची एक बाई बसली होती, अंगावर जांभळी साडी, कानाला मोबाईल.

"ह्या आमच्या अक्का," एरंडोलवाली म्हणाली. "धुळ्यातली गल्ली न् गल्ली ह्यांना पाठ. ह्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही. आणि अक्का, ह्याच त्या जळगावच्या वहिनी, मी सांगते ना नेहमी!"

"सांगते, सांगते," अक्का म्हणाली. "रोजच सांगते." तिने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "बसा," म्हणाली, आणि खुर्ची काही पुढे केली नाही.

परतताना हे म्हणाले, "ती बाई जरा तुसडीच वाटली, नाही का?"

पारोळं मागे पडलं तरी मला त्या अक्काचा राग येत होता. तिलाही माझा येत असणार, एवढंच काय ते समाधान होतं.