लेम पेटेनगिलची डुकरीण

लेम्युएल पेटेनगिल युद्धावरून लंगडत परतला, तेव्हा अख्खं कॉर्बेट हॉलो त्याला बघायला जमलं होतं.

"गोळी कुठं लागली रे, लेम?" कुणीतरी हळव्या आवाजात विचारलं.

"गोळी नाही. खेचरानं लाथ घातली. आमच्याच पलटणीतल्या."

गावाचा हिरमोड झाला. आणलेला बँड कसाबसा वाजला. त्याची वाग्दत्त वधू थर्झा घरी जाताना म्हणाली, "गप्प बसला असतास तर गोळीच लागली होती की!"

पण लेमला खोटं बोलणं जमत नसे. अशा माणसानं राजकारणात पडू नये. तो पडला.

ढकललं गावानंच. व्हरमाँटच्या त्या भागात जुनी चाल होती. वर्षभरात ज्याचं लग्न होईल त्याला मार्चच्या गावसभेत डुकरांचा कारभारी नेमायचं. मोकाट डुकरं धरून कोंडवाड्यात घालायचं काम. नवरदेवानं लाजायचं, गावानं हसायचं आणि डुकरांनी खुशाल हिंडायचं. लग्नानंतर लेमची पाळी आली. लोक हसले. लेमनं टाचा जुळवून शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी युद्धातली टोपी चढवली आणि डीकन स्टॉडर्डची डुकरं कोंडली.

डीकन म्हणजे चर्चचा मानकरी आणि गावाचा थोरला पंच.

"अरे, ही थट्टा असते!" तो ओरडला.

"शपथेत तसं नव्हतं, डीकनसाहेब."

त्या वर्षी साऱ्या गावाचे बटाटे जमिनीत शाबूत राहिले. मग काहींनी लेमला डीकनविरुद्ध पंचपदासाठी उभं केलं. लेमला ते पद मनापासून हवं होतं. आपलं नाव निघालं की लोकांना खेचराखेरीज दुसरं काही आठवावं, एवढीच त्याची इच्छा. डीकन प्रचारात एकच वाक्य बोलायचा, "ज्याला खेचर आवरलं नाही, तो गाव काय आवरणार?"

गावसभेच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. मतदान सुरू होणार, एवढ्यात थर्झा धापा टाकत आत आली.

"लेम, मटिल्डा सुटली!"

मटिल्डा त्यांची डुकरीण. खिडकीतून दिसतच होती. चिखल तुडवत डीकनच्या घराकडे निघाली होती.

"घ्या! कारभाऱ्याचीच डुकरीण!" डीकन खुलला. "आता काय, पंच होतोस की कोंडवाडा गाठतोस?"

नवा कारभारी अजून नेमला नव्हता, म्हणजे काम लेमचंच. लेमनं टोपी उचलली.

"अरे, मतं पडेपर्यंत तरी थांब!" त्याच्या बाजूचे कळवळले.

"तोवर ती डीकनसाहेबांच्या तळघरात शिरेल," लेम म्हणाला आणि लंगडत निघाला.

लोक आधी खिडकीशी गेले. मग दाराशी. बाहेर डुकरिणीमागं धावताना लेम पहिल्यांदा चिखलात आडवा झाला, तसं कुणालाच आत राहवेना.

डीकननं बघितलं. लेमच्या बाजूचे बाक रिकामे झाले होते. आपल्या मागचेही झालेत का, हे पाहायला त्यानं मान वळवली नाही.

"अध्यक्ष, हजर असतील त्यांनी हात वर करावेत. कायदा आहे."

"आत्ता?" अध्यक्ष चाचरले.

"आत्ताच!"

"बरं. डीकन स्टॉडर्ड यांच्या बाजूनं?"

कुणाचाच हात वर झाला नाही. डीकननं मागं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. स्वतःला मत देणं हा गर्व, गर्व हे पाप, असं त्यानंच गेल्या रविवारी चर्चमध्ये सांगितलं होतं. त्याचा हात मांडीवरच वळवळला.

"लेम्युएल पेटेनगिल?"

शेगडीपाशी म्हातारा झेब क्रेन बसला होता. सांधेदुखीमुळे त्याला बाहेर जाता आलं नव्हतं. त्यानं काठी वर केली.

"माझे बटाटे वाचले," तो डीकनला म्हणाला. "राग नको मानूस."

थोड्या वेळानं लेम आत आला. डोळे सोडून सगळा चिखल.

"कोंडली," तो म्हणाला. "दंड माझ्याकडून घ्या."

"निवडून आलास," अध्यक्ष म्हणाले.

"किती मतं पडली?"

"पडली ती सगळी तुलाच."

लेम मटकन बाकावर बसला. थर्झानं पदराएवढ्या रुमालानं त्याचं तोंड पुसायला घेतलं. "आता पंचसाहेब, माझी मटिल्डा कधी सोडता?"

"दंड भरल्यावर."

पुढं तो म्हातारा होईपर्यंत पंच राहिला. खेचरावरून त्याला पुन्हा कुणी चिडवलं नाही. मटिल्डावरून चिडवायचे.