पोटाखालचा टाका

आमच्या दाजींनी तीस वर्षांत जे जे बनवलं ते सगळं जागच्या जागी उभं राहणारं. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे. वेल्डिंग असं, की बोट फिरवलं तरी जोड कुठे आहे ते कळू नये. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी माणसांच्या आधी दाराच्या बिजागऱ्यांची विचारपूस करणार. मी त्यांचा मेहुणा. त्यांच्या वर्कशॉपात रंगकाम करतो आणि त्यांची बोलणी खातो, दोन्ही बारमाही.

त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, जीपमागे ओढायचा ट्रेलर करायचं काढलं. आत झोपायची सोय असलेला. सहा वर्षांच्या लेकीला घेऊन ती एकटीच आठ दिवस डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जाणार होती. दाजींचा सक्त विरोध. महिनाभर घरात वाजलं. शेवटी म्हणाले, "जायचंच असेल तर माझ्या हातच्या ट्रेलरने जा." मग कुणाला पान्यालाही हात लावू देईनात.

ट्रेलर जीपला जोडतो तो पुढचा दांडा. त्याच्यावर सगळ्यांचा जीव अवलंबून. दाजींनी जाड चौकोनी पाइप घेतला, सांगाड्याच्या पुढच्या आडव्या पाइपला भिडवला आणि चारही बाजूंनी एकसंध वेल्डिंग केलं. मी वरून हिरवा रंग दिला. बापलेक दोघंही खूश, असा दुर्मिळ योग आला.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी दगडखाणीच्या वाटेवर चाचणी घेतली. ट्रेलरमध्ये वाळूची पोती, दुप्पट वजन. भाची जीप चालवत होती आणि दाजी दांड्याच्या बाजूने पायी, कान देऊन. तिसऱ्या खड्ड्यात ते ओरडले, "थांबव!"

"काय झालं?"

"टिक वाजलं."

भाची खाली उतरली. तिचा चेहरा लाल झाला होता. "बाबा, मी जायला नकोय तुम्हाला. सरळ सांगा की."

"तसं नाही गं."

"महिनाभर तसंच चाललंय. मामा, तू ऐकलंस?"

माझी झाली पंचाईत. खोटं बोलवेना. "नाही ऐकलं," म्हणालो. दाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, तेच जास्त लागलं.

वर्कशॉपात आल्यावर त्यांनी माझा रंग खरवडून काढला. खाली जोड तस्साच, देखणा. कुठे ओरखडासुद्धा नाही.

"झालं समाधान?" भाची किल्ली मुठीत धरून उभी होती. "उद्या सकाळी मी निघणार. या ट्रेलरने, नाहीतर तंबू घेऊन. पण यापुढे तुमचं काही ऐकायचं की नाही, ते मी ठरवेन."

दाजींनी जोडाला रॉकेल चोळलं, थोडं थांबले, कोरड्या फडक्याने लख्ख पुसलं आणि वर खडूचा जाड थर दिला. जुन्या वेल्डरांची ही रीत. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू खडूवर उमटतं. नसेल तर खडू पांढराच राहतो.

"नाही उमटलं तर?" तिने विचारलं.

"तर जा. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

आम्ही तिघं जमिनीवर वाकून बसलो. पाच मिनिटं झाली. दहा. खडू पांढराच. म्हातारा खोटा पडेल म्हणून मला भीती वाटत होती, आणि तो खरा ठरेल म्हणून त्याहून जास्त. भाची उठायला लागली.

तेवढ्यात दांड्याच्या पोटाखाली, जिथे वेल्डिंगचा टाका सगळ्यात सुंदर होता तिथेच, केसाएवढी काळपट रेघ दिसली. बघता बघता ती बोटभर लांब झाली.

'पाहिलंस?' असं दाजी म्हणाले नाहीत. ते तिथेच फतकल मारून बसले. "मी फाटक केलं गं," म्हणाले. "ट्रेलर केलाच नाही. फाटकाला कुठे खड्डे लागतात? दांडा दर खड्ड्यात वाकतो, आणि पोटाखाली आडवा टाका घातला की तिथेच फाटतो. उतारावर तुटला असता, आणि तुम्ही दोघी..."

भाचीने किल्ली खिशात टाकली आणि ग्राइंडर उचलून त्यांच्या हातात दिला. "कापा. चार दिवसांनी निघेन."

नवा दांडा पार मागे चाकांच्या आसापर्यंत नेला. दोन्ही अंगांनी तिरके पाइप देऊन त्रिकोण केला. वेल्डिंग फक्त बाजूंनी, लांबीत. पोटाखाली आडवा एकही टाका नाही. दिसायला ओबडधोबड. दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा कुरूप काम केलं आणि तीनदा तपासलं.

निघताना त्यांनी तिला रॉकेलची बाटली आणि खडू दिला. "रोज मुक्कामाला पोचलीस की बघ. फक्त रंग कळव."

सलग सहा दिवस संध्याकाळी फोनवर एकच शब्द आला, 'पांढरा'. सातव्या संध्याकाळी काहीच नाही. दाजी फोन समोर ठेवून बसून राहिले. जेवले नाहीत, माझ्यावर ओरडलेही नाहीत.

आठव्या दिवशी दुपारी जीप दारात उभी राहिली. "रेंजच नव्हती, बाबा," भाची म्हणाली. दाजी सरळ दांड्याखाली शिरले. तिथे जोडावर कालचा खडू तसाच होता, पांढराशुभ्र, आणि त्यावर नातीच्या इवल्या बोटांचे ठसे.

बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. अजूनही तेवढ्या जागी ते मला रंग लावू देत नाहीत.