नागोरावांनी पाठवलंय

आमच्या सोसायटीत सामानाचा टेम्पो शिरला की वॉचमनच्या आधी नागोराव ढोकणे यांना कळतं. टेम्पोतून गाद्या उतरायच्या आत ते खाली हजर. पायात कातडी चप्पल, हातात दोन कापडी पिशव्या आणि चेहऱ्यावर मुलाकडच्या मंडळींचं स्वागत करणाऱ्या वधूपित्याचा भाव. कपाट लिफ्टमध्ये मावेल का, या विवंचनेत असलेल्या गृहस्थाला ते विचारतात, "किराण्याचं काय ठरवलं तुम्ही?"

आमची सोसायटी पुण्याजवळच्या मांजरीत. तीन बाजूंना इमारती आणि चौथ्या बाजूला ऊस. बिल्डरने उसाकडे तोंड करून फोटो काढले आणि फ्लॅट विकले. इथे कोण राहत नाही? चार मजले जिन्याने उतरा, पाच प्रांतांच्या फोडण्या नाकात जातात. पहिल्या मजल्यावर मोहरीच्या तेलात मासा, दुसऱ्यावर कढीपत्ता आणि खोबरं, तिसऱ्यावर कुणाकडे तरी शेवया भाजल्या जाताहेत, आणि तळमजल्यावर आमच्या घरी कालचा भात गरम होतोय. आता एवढ्या जिभांचे लोक एका गेटमध्ये कोंबल्यावर कुठलं सामान कुठे मिळतं, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर म्हणजे नागोराव.

नागोराव मूळचे अकोल्याकडचे. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाले आणि मुलाने, म्हणजे साईने, फ्लॅट घेतल्यावर पत्नी दुर्गाबाईंसह इकडे आले. गावाकडे त्यांना हाक मारल्याशिवाय कुणी रस्ता ओलांडत नसे. इथे पहिले चार महिने ते नुसते 'साईचे बाबा' होते. गॅसवाला, दूधवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, सगळे 'साईचे बाबा' म्हणायचे. एका माणसाने तर 'सी-दोनशे तीन' अशी हाक मारली. त्या दिवशी ते जेवले नाहीत म्हणे.

मग त्यांनी चप्पल घातली आणि मांजरी पायाखाली घातली. नेंद्र केळी कुठल्या मल्याळी दुकानात मंगळवारी येतात, बंगाल्याकडे नदीचा मासा सकाळी किती वाजता पोचतो, बिहारी भाजीवालीकडे परवल कधी ताजं असतं, मटण कोण खरं बकऱ्याचं देतो, सगळं त्यांना पाठ. स्वतः शाकाहारी असूनही. मुलाच्या नावाने ओळखला जाणारा माणूस सहा महिन्यांत अख्ख्या सोसायटीचा 'नागोराव काका' झाला. नवं कुटुंब आलं की पहिल्या रविवारी त्याला बरोबर घेऊन दुकानोदुकानी फिरवायचं, प्रत्येक दुकानदाराची ओळख करून द्यायची आणि शेवटी एकच मंत्र द्यायचा: "पुढच्या बारीले एकटे आले तर माह्यं नाव सांगजा. नागोरावांनी पाठवलंय म्हणा. बस."

या मंत्राबरोबर पथ्यंही होती. भाव करायचा नाही. पोत्यात हात घालायचा नाही. डाळ दाताखाली धरून बघायची नाही. "आपल्या माणसावर संशय घेता काय? तो समजून देते."

शनिवार पेठेतलं बिऱ्हाड सोडून मांजरीत आलेल्या कौशल्याबाई केळकरांना हे पहिल्याच रविवारी पटलं नव्हतं. भेंडीचं टोक मोडून पाहिल्याशिवाय त्या भाजीवाल्याशी बोलायलाही सुरुवात करत नाहीत.

"नाव सांगितलं की शिट्टी कमी लागते का डाळीला?" त्यांनी विचारलं.

"सांगून तर पाहा ताई," नागोराव म्हणाले. आणि आश्चर्य म्हणजे कौशल्याबाई गप्प बसल्या. सांगू लागल्या नाव. त्यांच्या घरच्यांनी ही गोष्ट पेठेत फोन करून कळवली.

किराण्यासाठी नागोरावांचं देवस्थान एकच. हिंमतराव गावंडे यांचं दुकान. हिंमतराव अकोल्याचेच, नागोरावांच्या गावापासून चार कोसांवरचे. मांजरीत दोन वऱ्हाडी भेटले की कसं होतं, ते मी पाहिलं आहे. पहिल्या भेटीत दोघे दुकानाच्या पायरीवर दीड तास बोलले आणि गिऱ्हाईकं आपापल्या हाताने साखर मोजून घेऊन गेली. तेव्हापासून सोसायटीतल्या साठेक घरांची डाळ हिंमतरावांकडून. 'नागोरावांनी पाठवलंय' म्हटलं की हिंमतराव समोरच्या पोत्याला हातच लावत नसत. "अरे, आपले माणसं! थांबा, आतून आणतो," म्हणत स्वतः आतल्या खोलीत जात. ते 'आतून' ऐकताना नागोरावांची छाती दोन इंच फुगायची. आपल्या लोकांसाठी वेगळा माल काढून ठेवणारा दुकानदार आजच्या काळात मिळतो कुठे?

चांगला माल नसीमभाभींकडेही मिळतो, असं कुणी म्हणालं की नागोराव नाक मुरडायचे. नसीमभाभींची मसाल्याची आणि पिठाची गिरणी दोन गल्ल्या पलीकडे. नागोराव पहिल्यांदा तिथे गेले आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं, तेव्हा भाभी म्हणाल्या, "नाव कशाला? डबा ठेवा, नंबराने दळून मिळेल." झालं. त्या दिवसापासून नागोरावांच्या नकाशातून ती गल्लीच पुसली गेली.

हे सगळं सहा वर्षं सुरळीत चाललं. ते बिघडलं एका ऑफिस मीटिंगमुळे.

आमच्याच मजल्यावरची तनया खराडीच्या एका कंपनीत आहे. त्या दिवशी घरी येता येता ती हिंमतरावांच्या दुकानात थांबली. कानात ते पांढरे दाणे, मीटिंग चालू, आणि बॉस नेमका तिच्यावर घसरलेला. तोंड उघडायची सोय नाही. तिने समोरच्या तुरीच्या डाळीकडे बोट केलं, दोन बोटं दाखवली, हिंमतरावांनी तिला ओळखलं नाही, दोन किलो डाळ दिली, ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागोराव खाली पेपर वाचत होते. तनया आनंदाने म्हणाली, "काका, या वेळची डाळ कसली बेस्ट आहे! दोन शिट्ट्यांत लोणी. एक खडा नाही, एक किडा नाही."

"होईलच. आपला माणूस हाय. आतून दिली ना?"

"नाही ना! मी कॉलवर होते, तुमचं नाव घेताच आलं नाही. समोरच्या पोत्यातूनच दिली."

नागोरावांनी पेपर खाली ठेवला. "आधी किडे निघायचे?"

तनयाने जीभ चावली. "म्हणजे... अगदी थोडे, काका. पावसाळ्यात निघतातच."

तेव्हा एप्रिल चालू होता.

नागोराव लगेच उठले नाहीत. दुकानातल्या नोकराची चूक असेल, असं ते मला म्हणाले. नंतर म्हणाले, पोरगी मीटिंगच्या नादात दुसऱ्याच दुकानात गेली असेल. दुपारपर्यंत त्यांनी हिंमतरावांना सोडवायला असे चार-पाच खुलासे तयार केले आणि चारच्या सुमाराला पिशवी न घेता निघाले. मला म्हणाले, "चाल." म्हणून मी गेलो.

हिंमतरावांनी नेहमीसारखं स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. चहा येईपर्यंत कौशल्याबाई आल्या. आम्ही स्टुलावर तेलाच्या डब्यांआड होतो, त्यांना दिसलो नाही. त्यांनी पोत्याकडे न पाहता, पाठ केलेलं बडबडगीत म्हणावं तसं म्हटलं, "नागोरावांनी पाठवलंय. दोन किलो तूर."

"हाव ताई, आतून आणतो."

हिंमतराव आत वळले आणि त्यांच्या मागोमाग नागोराव उठले. सहा वर्षांत ते त्या खोलीत कधी गेले नव्हते. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या आतल्या खोलीत डोकावायचं कशाला? मी मागे गेलो.

खोलीत अंधार, रिकामे खोके, आणि भिंतीला टेकून एक पोतं. डाळ काळपट, वर पांढरी भुकटी. पोत्याच्या कडेला निळ्या मार्करने ठळक अक्षरांत लिहिलं होतं: नागोराव.

नागोरावांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"हे काय हाय, हिंमतराव?"

दुसरा कुणी असता तर दचकला असता. हिंमतराव मापात डाळ भरत शांतपणे म्हणाले, "तुमच्या माणसांचं पोतं भाऊ. पोरं मिसळ करतात, म्हणून नाव लिवलं."

"ही जुनी डाळ हाय."

"हाय ना. मागच्या सालची. फेकून देऊ काय? आता तुम्हीच सांगा, परक्या माणसाले दिली तर तो परत आणून आपटते. मोबाईलवर फोटो टाकते. आपलं माणूस समजून घेते. तुम्हीच तर शिकवलं त्यायले, हात घालू नका, बोलू नका म्हणून. तुमच्या भरोशावर तर दुकान उभं हाय, भाऊ!" त्यांच्या आवाजात खरोखर कृतज्ञता होती. "मले फसवाचं असतं तर उघड नाव लिवलं असतं काय?"

मी विनोदी लिहितो, पण हे वाक्य मला सुचलं नसतं.

नागोरावांनी विचारलं, "अन् माह्या घरी?"

हिंमतरावांनी माप ठेवलं. पहिल्यांदाच थोडे लाजले. "तुम्ही तर घरचेच हाय, भाऊ."

बाहेर कौशल्याबाई उभ्या होत्या. त्यांनी नागोरावांना आतून येताना पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नजर तेलाच्या डब्यांकडे वळवली. चहा आला होता. तो तसाच स्टुलावर राहिला.

घरी गेल्यावर नागोराव थेट स्वयंपाकघरात शिरले. मी त्यांना सोडायला वर गेलो होतो आणि साईने दार उघडं ठेवलं होतं, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"दुर्गे, आपल्या डाळीत किडे निघतात काय?"

दुर्गाबाई कणीक मळत होत्या. "सहा वर्षं झाले, चाळून रायली मी."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगून काय केलं असतं तुम्ही? घरी बसले असते."

मला वाटलं, आता भांडण होईल. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दारोदार जाऊन नाव परत घ्यायला सुरुवात केली. बेल वाजवायची, उंबऱ्याबाहेरच उभं राहायचं आणि म्हणायचं, "हिंमतरावाच्या दुकानात माह्यं नाव सांगू नका. मी चूक केली." लोकांनी चकित व्हावं, चिडावं, निदान 'अरे बापरे' म्हणावं, अशी त्यांची तयारी होती. तसं कुणी म्हटलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या मल्याळी बाईंनी हसून सांगितलं, "अंकल, आम्ही ती डाळ कबुतरांना देतो. खायची दुसरीकडून आणतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून महिन्याला एक किलो घेतो." तिसऱ्या मजल्यावरचा खालिद म्हणाला, "चाचा, माझ्या अम्मीने तर पहिल्याच महिन्यात ओळखलं. म्हणाली, बुजुर्ग आहेत, बोलायचं नाही." बंगाली जोडप्याने त्यांना आत बसवून मिठाई दिली, जशी आजारी माणसाला देतात. सगळ्यांना ठाऊक होतं. साठ घरांनी मिळून एका माणसाला सांभाळलं होतं, आणि त्या माणसाला वाटत होतं की साठ घरं तो सांभाळतोय.

सगळ्यात शेवटी कौशल्याबाई.

"ताई, तुम्ही तरी बोलायचं होतं. तुम्ही लिफ्टच्या आवाजावर बोलता, वॉचमनच्या खोकल्यावर बोलता. तुम्ही कोणाले सोडत नाही."

कौशल्याबाईंनी पदराला हात पुसले. "अहो, बाकी कुणाला वाईट वाटत नाही, म्हणून बोलते." मग जरा थांबून म्हणाल्या, "आत या, कॉफी टाकते."

"नको," नागोराव म्हणाले. "आपण सगळे फार चांगले हाय."

'तुम्ही'ऐवजी अदबीचा 'आपण' हा शब्द ते कधी वापरत नसत. पुण्यात सहा वर्षं राहून पहिल्यांदा वापरला, आणि तोही असा.

त्यानंतर रविवारच्या फेऱ्या बंद झाल्या. हिंमतराव दोनदा येऊन गेले. एकदा गावाकडचे लाडू घेऊन, एकदा नुसतेच. त्यांना आपलं काय चुकलं हे अजून नीट कळलेलं नाही. लाडूही मला वाटतं त्यांनी मनापासूनच आणले होते. नागोरावांनी साईकरवी निरोप दिला की घरी नाहीत. ते घरीच होते. किराणा आता दुर्गाबाई आणतात, कुठून ते नागोराव विचारत नाहीत.

मागच्या आठवड्यात गेटमधून एक टेम्पो आत आला. फैझल आणि अलिझा, नवीन लग्न झालेलं जोडपं, कोंढव्यातून इकडे आलेलं. फ्रिज उतरवायला माणसं कमी पडत होती. नागोराव देवळातून परतत होते. आम्ही दोघं-तिघं बाकावर बसलो होतो. आमच्यातलं कुणी काही बोलायच्या आत अलिझाने त्यांनाच गाठलं. चेहऱ्यावरूनच वाटत असावं की या माणसाला सगळं ठाऊक असेल.

"अंकल, इथे किराणा कुठे चांगला मिळतो? तुम्ही कुठून घेता?"

नागोराव थांबले. मला वाटलं, आता दोन्ही हात पसरून रस्ता दाखवतील, डावीकडे वळा, मग बोअरवेलपासून आत. हात थोडा वर उचलला गेलासुद्धा. मग त्यांनी तो खिशात घातला.

"काय सांगू बाई," ते म्हणाले, "मीही इथं नवीनच हाय."

आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर गेले.