फोन नको, गळे मोजा

राहात्याला घरी बसून मी नेमकं काय काम करते, हे सासूबाईंना सांगायची वेळ आली तेव्हा मी एवढंच म्हणाले होते, "लोक बोलतात आणि मी ऐकते." त्यांनी विचारलं, "आणि त्याचा पगार देतात?"

देत होते. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीनं मोबाईलवर एक ॲप काढलं होतं. त्यावर लोकांनी आपापल्या गावच्या बोलीत बोलायचं आणि त्या आवाजांवरून कंपनी मशिनला मराठी ऐकायला शिकवणार. आलेला आवाज स्पष्ट आहे का, मध्येच तुटतो का, हे तपासणाऱ्यांमध्ये मी होते. लग्नाआधी मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर फोन घ्यायचे, त्यामुळे कानाला काहीतरी लावून बसायची सवय जुनीच होती.

सुरुवातीला ॲपकडे कोणी फिरकेना. मग मी माझ्याच माणसांना गळ घातली. खर्ड्याची माझी आत्या लगेच तयार झाली. तिचा बचत गट आहे. गटातल्या बायका दुपारची कामं उरकून देवळाच्या ओट्यावर जमायच्या आणि आत्याच्या मोबाईलवर एकेक जण आपापल्या खात्यातून बोलायची. वाचता येत नसेल तर ॲप चित्र दाखवायचं आणि चित्राबद्दल बोलायला सांगायचं. शेळीचं चित्र आलं की त्यांचं बोलणं आवरायचं नाही. ते ऐकताना मला घरात एकटीला हसू यायचं.

मग कंपनीनं जाहीर केलं, की ज्यांनी मनापासून आवाज दिले त्या सगळ्यांना क्रिप्टो टोकन फुकट वाटणार. टोकन म्हणजे कंपनीचं स्वतःचं डिजिटल नाणं. ते हातात धरता येत नाही, मोबाईलमधल्या पाकिटात जमा होतं, आणि घेणारा भेटला तर त्याचे रुपये होतात. मी आत्याला आधीच सांगून ठेवलं, "याला भाव येईलच असं नाही हं."

"न्हाई आला तर न्हाई," ती म्हणाली. "बोलाया काय लागतंय?"

ती बातमी फुटली आणि ॲपवर जत्रा लोटली. जिथं दिवसाकाठी मोजके आवाज यायचे, तिथं ढिगानं यायला लागले. एकच माणूस शेकडो खोटी खाती उघडून बसला, तर शेकडो जणांचा वाटा त्याच्या एकट्याच्या घशात जाणार हे उघड होतं. आमच्या मॅडमनी, म्हणजे ज्या इंजिनियर बाईंच्या हाताखाली मी काम करत होते त्यांनी, एक गाळणी लावली: एका फोनवरून एकच खातं खरं धरायचं, बाकीची बाद. ऐकायला बरोबर वाटलं. मलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याचा फोन आला.

"पोरी, आमी खोट्या हाय व्हय गं?"

काय झालं ते मी विचारलं. तिनं सांगितलं, तिचं स्वतःचं खातं सोडून गटातल्या सगळ्यांची खाती बंद झाली होती. स्क्रीनवर लाल अक्षरात आलं होतं, की तुमचं खातं बनावट आढळलं आहे. गटातल्या एकीच्या नातवानं ते वाचून दाखवलं होतं.

"दुसरीच्या मोबाईलवरनं का नाही बोलल्या?" मी विचारलं.

"अगं, दुसरा मोबाईल हाय कुटं? घरातली तरणी मान्सं ऊसतोडीला गेल्यात. मोबाईल बी त्यांच्यासंगंच गेलाय. आमी म्हाताऱ्या न् लेकुरवाळ्या राह्यलोय, एका फोनावर."

मी फोन ठेवला. या बायकांचे आवाज मी महिनोन् महिने ऐकत होते. कोणाला दमा आहे, कोण तंबाखू लावून बोलते, कोणाच्या मांडीवर तान्हं पोर असतं, हे मला न बघता ठाऊक होतं. त्या खोट्या असतील तर मग खरं कोण?

त्याच आठवड्यात मी गाळणीतून पास झालेले आवाज तपासत होते. वेगवेगळे फोन, वेगवेगळी गावं, वेगवेगळी माणसं. बोलणं स्वच्छ, मागं गावातले आवाज. एका बाईच्या बोलण्यामागं कोंबडा आरवला. पुढच्या खात्यात एक आजोबा बोलत होते, त्यांच्याही मागं कोंबडा आरवला. त्याच्यापुढच्या तरुणाच्या मागं पुन्हा तोच. तोच म्हणजे अगदी तोच, आरवता आरवता शेवटी घसा बसल्यासारखा मोडणारा. मी मागं जाऊन पुन्हा ऐकलं. जालन्याचा कोंबडा, कोल्हापूरचा कोंबडा, अकोल्याचा कोंबडा, सगळे एकाच जागी घसा मोडत होते.

मी खुर्चीतून उठलेच. मॅडमना फोन लावला आणि ओरडूनच सांगितलं, "मॅडम, सगळ्या महाराष्ट्रात एकच कोंबडा आहे!"

त्यांना वाटलं माझी तब्येत बिघडली. मग मी ते आवाज त्यांना एकामागोमाग ऐकवले. त्या खळखळून हसल्या. कोणीतरी मशिनकडून माणसांचे आवाज बनवून घेतले होते, ते खरे वाटावेत म्हणून मागं कोंबडा चिकटवला होता, आणि प्रत्येक खातं वेगळ्या फोनवरचं आहे असं भासवलं होतं. आमच्या गाळणीतून ही सगळी खोटी माणसं सहीसलामत सुटली होती आणि ओट्यावरच्या जिवंत बायका अडकल्या होत्या.

त्या हसण्याच्या भरात मी खर्ड्याचा विषय काढला. मॅडम गंभीर झाल्या.

"त्या गटात तुझी कोण आहे?"

"सख्खी आत्या."

"मग त्या गटाचा निकाल तू द्यायचा नाहीस," त्या म्हणाल्या. "तू खोटं बोलतेस असं नाही. पण उद्या दुसरं कोणी म्हणेल, हिनं आपले नातेवाईक घुसवले. त्याला मी काय उत्तर देऊ?"

मला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. मी म्हणाले, "मी निकाल देत नाही. पण नियम तरी बदला. फोन नको, गळे मोजा."

"म्हणजे?"

"सगळ्यांना एकाच वेळी बोलायला लावा. प्रश्न आधी सांगायचा नाही. एका माणसाला शेकडो खाती उघडता येतील, पण एकाच घटकेला शेकडो गळ्यांनी बोलता येणार नाही. आणि एका फोनवर पंचवीस जणी असतील, तर पंचवीस वेगवेगळे गळे निघतील. ते त्यांच्या जुन्या आवाजांशी ताडून बघा."

मॅडमनी त्यावर दोन दिवस विचार केला आणि माझ्या कल्पनेतली भोकंही बुजवली. कामाच्या पाळीवर असणाऱ्यांसाठी संध्याकाळी दुसरी फेरी ठेवली. एका फोनवर अनेक जण असतील तर आधी तसं सांगायचं, म्हणजे त्यांना लागोपाठ बोलायला वेळ मिळेल. आणि तपासणाऱ्यांना नाव, गाव काहीच दिसणार नाही, फक्त आवाज. बंद झालेल्या खात्यांनाही पुन्हा संधी देऊन रविवारी सकाळी नऊची वेळ ठरली.

तपासणीत मी नव्हतेच, म्हणून रजा टाकली आणि आदल्या दिवशीच एसटीनं खर्ड्याला गेले.

तिथं वेगळीच गडबड होती. गावातला एक पुढारी आत्याच्या दारात तीन मोबाईल घेऊन उभा होता. त्यानंही बरीच खाती उघडून ठेवली होती आणि त्याला बायकांचे गळे उसने हवे होते. "काकू, तुमी फकस्त बोलायचं, बाकी मी बघतो," तो सांगत होता. आत्या ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलंसुद्धा नाही.

"तुजा गळा हाय ना? त्योच वापर," ती म्हणाली.

रविवारी सकाळी ओट्यावर सगळ्या जमल्या आणि मोबाईलची रेंज गेली. एक काडी यायची आणि जायची. आठ वाजून गेले होते. तेवढ्यात एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "किल्ल्यावं चला की. तटावं लई रेंज असती. माजा ल्योक तितूनच बोलतो."

मग आमची वरात निघाली. थंडी कडक होती. बायका डोक्यावरून पदर आणि वरून स्वेटर घालून, कडेवर पोरं घेऊन किल्ल्याच्या पायऱ्या चढल्या. जिला चढवेना तिला दोघींनी हात दिला. तटावर पोहोचलो आणि मोबाईलवर सगळ्या काड्या भरल्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

नऊच्या ठोक्याला प्रश्न आला. मी वाचून दाखवला, "आज सकाळपासून तुम्ही काय काय केलंत?" आणि फोन आत्याच्या हातात देऊन बाजूला झाले.

मला वाटलं होतं त्या बुजतील. पण असा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता! एकीनं पाणी तापवण्यापासून सुरुवात केली. दुसरीची गाय रात्रीपासून अडली होती आणि पहाटे कालवड झाली, ते सांगताना तिचा आवाज भरून आला. तिसरी म्हणाली, "सकाळधरनं काय केलं ते इचारू नका, काय न्हाई केलं ते इचारा." मागं सगळ्या हसल्या. रेंजची जागा सुचवणारी म्हातारी इतकी रंगली, की तिला दिलेलं एक मिनिट संपलं आणि ॲपनं तिला मध्येच तोडलं. तिनं मोबाईल डोळ्यांसमोर धरला आणि त्यालाच झापलं, "आरं, बोलू तर दे! इचारलंस कशाला मंग?"

निकाल चार-पाच दिवसांनी लागला. कोंबडेवाल्यांपैकी बहुतेक फिरकलेच नव्हते. जे आले, त्यांच्यातल्या बायका, आजोबा, तरुण सगळ्यांनी शब्दाला शब्द जुळवून एकच सकाळ सांगितली होती: उठलो, चहा घेतला, मोबाईल पाहिला. ती सगळी खाती एका फटक्यात गेली. पुढाऱ्याचं मात्र एक खातं राहिलं. त्याचं स्वतःचं. तो स्वतःच्या गळ्यानं बोलला होता.

आणि खर्ड्याच्या बायका? एक सोडून सगळ्या पास. त्या एकीला सर्दी झाली होती, आवाज जुळला नाही. मॅडमनी तिला पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलायला लावलं आणि तीही आत आली. मला मॅडमचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. खर्ड्यासारखे एका फोनवरचे गट राज्यात जागोजागी निघाले होते, वीटभट्टीवरचे, कोळीवाड्यातले, वसतिगृहातल्या मुलींचे. सगळे परत आत आले होते. "तुझ्या गावाला मी सवलतबिवलत काही दिली नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनी आपली जागा स्वतः मिळवली."

टोकनं जमा झाली त्या दुपारी आत्यानं मला व्हिडिओ कॉल लावला. मोबाईल किणकिण वाजत होता, आणि प्रत्येक वेळी एकीचं नाव पुकारलं जात होतं. जिचं नाव यायचं ती उभी राहायची, बाकीच्या ओरडायच्या. त्या नाण्याला फार मोठा भाव आला असं नाही. काहींनी ते लगेच विकलं, काहींनी ठेवलं. पण ओट्यावरचा तो आरडाओरडा मी पगार मिळाल्यावरही कधी केला नव्हता.

पुढच्या महिन्यात कंपनीला आवाज तपासायला आणखी माणसं हवी होती. मॅडमनी मला न विचारता थेट आत्यालाच फोन केला. आता गटातल्या आठ-दहा जणी दुपारी कानाला हेडफोन लावून परमुलखातले आवाज ऐकतात. परवा मी गेले तेव्हा आत्या एक आवाज लक्ष देऊन ऐकत होती. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर करून मला गप्प केलं.

"थांब," ती म्हणाली. "ही बाई खरी हाय. सुनंला बोल लावतीया."