चकतीभोवतीचं कडं

"हेही औषध लागू पडलं नाही. नातेवाइकांना बोलावून घ्या," डॉक्टर माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहून मुलाला सांगत होते. मी आजारी होते, बहिरी नव्हते.

सून शेजारीच होती. तिची सगळी नोकरी रोगजंतूंची जनुकं वाचण्यात, म्हणजे त्यांच्या खोडी शोधण्यात गेली. "लोक जंतू मारतात, तू पाळतेस," असं मी तिला नेहमी म्हणायची. माझ्या रक्तातले जंतूही तिनं नेले, वाढवले, वाचले. मग मोबाइलवर मला फोटो दाखवला. काचेच्या बशीत जंतूंची साय पसरली होती, वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्यांना भिडली होती. एकाच चकतीभोवती जंतू नसलेलं स्वच्छ कडं होतं.

"आई, हे त्यांना सोसत नाही. जनुकंही तेच सांगतात."

"इतकी वर्षं खाऊ घालून एवढंच कळलं?"

"आज एवढंच हवं होतं."

जन्मभर भांडी घासली, पण इतकं स्वच्छ काही माझ्या हातून निघालं नाही. कुणाचं मर्म हवं असेल तर त्याला आधी नीट पोसावं लागतं. सासूलाही तिनं असंच ओळखलं असणार.

औषध बदललं. मी वाचले. समोरच्या खाटेवरच्या बाईलाही तेच जंतू होते. तीही वाचली.